पंपाची एक रेघ

३ मार्च, मंगळवार
कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. घरी सांगितलं, गॅरेजसाठी गॅस्केट आणायला जातोय. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबा, म्हणाले. मी आपला वाट बघत बसलो. शेवटी डॉक्टर आत येऊन म्हणाले, “आजोबा, दाबा की.” म्हणजे बरंच काही वाजून गेलं होतं!

बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत. यंत्र लावा, म्हणतात. यंत्र लावून गॅरेजात बसलो तर इंजिन कोण देईल माझ्या हातात? तीस वर्षं लोक माझ्या कानांच्या भरवशावर गाड्या सोडून जातात. घरात याबद्दल ब्र काढायचा नाही. इथे लिहिलं तेवढंच.

५ मार्च, गुरुवार
फरशीवाल्याची पिकअप कामाला घेतली. फरशा लादल्या की चढाला रडते, पार पहिल्या गिअरवर येते. हवा गार करणारा मोठा इंटरकूलर बसवला, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब थोडा वाढवला, डिझेल वाढवलं. राहिला डिझेलचा पंप. पंप जरासा पुढे फिरवला की डिझेल आधी पडतं आणि गाडी ओढते. जास्त फिरवला की इंजिन ठोकायला लागतं, पिस्टनची वाट लागते.

माझी पद्धत जुनी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. ठोका ऐकू येईपर्यंत पंप पुढे, मग त्यावरच्या खुणांची एक रेघ मागे. थोरल्या लेकीलाही हेच शिकवलं. लग्न नको, गॅरेज हवं म्हणाली तेव्हा आमची ही चार दिवस बोलली नव्हती माझ्याशी. आता पोरीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

थोरली उद्या मावशीकडे जातेय, मावशीचं ऑपरेशन आहे. आज मला म्हणे, “पंप मी आल्यावर लावू.” का बुवा? माझे हात गळून पडले का?

७ मार्च, शनिवार
पंप लावला. ठोका येईना. आणखी पुढे. तरी येईना. बऱ्याच वेळाने कुठे काहीतरी लागलं कानाला. एक रेघ मागे घेतली, बोल्ट आवळले. मनातून खात्री नव्हती. टर्बोची शिट्टीसुद्धा आता मला ऐकू येत नाही, नुसती आठवते.

फरशीवाला आला. “घाई नाही मिस्त्री. सोमवारी थोरली आली की नेतो.” झोंबलं! किल्ली त्याच्या हातावर आपटली. एक चक्कर मारून आला आणि जरा चाचरतच विचारलं, “कडक वाजतेय का हो थोडी?”

“कान तपासून घ्या तुमचे,” म्हटलं.

हसला बिचारा. नेली गाडी.

८ मार्च, रविवार
दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. ही ओरडली, “फोन केव्हाचा वाजतोय!” माझ्या खिशातच होता. थोरलीचा होता. गाडी दिली का, एवढंच विचारलं.

९ मार्च, सोमवार
पिकअप दोरी बांधून आणली. चढाच्या मध्यावर पांढरा धूर, मग बंद. भरलेली गाडी मागे घसरायला लागली होती. मागून येणाऱ्यांनी चाकांखाली दगड घातले म्हणून फरशीवाला वाचला. इंजिनाचं हेड उघडलं. दुसऱ्या पिस्टनला भोक. धातू मेणासारखा ओघळलाय. पाना माझ्या हातातून दोनदा पडला.

थोरली बॅग खांद्यावर घेऊन तशीच गॅरेजात आली. पिस्टनकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ पंपाच्या रेघा बघायला वाकली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

“मी लावलेले पंप तू परत लावतेस?”

बॅगेचा पट्टा नीट करत राहिली.

“किती गाड्यांचे?”

“सगळ्यांचे, बाबा. दोन वर्षं झाली. तुम्ही जेवायला जाता तेव्हा.”

दोन वर्षं! या दोन वर्षांत एकही गाडी परत आली नाही म्हणून मी चौकात छाती काढून सांगत फिरत होतो. पोरीने एका शब्दाने टोकलं नाही. राग कुणावर काढू? रडू आलं. तिच्यासमोरच आलं.

१० मार्च, मंगळवार
सकाळीच फरशीवाल्याला फोन केला. सगळं कबूल केलं. कान गेलेत, चूक माझी, इंजिन आम्ही बांधून देऊ, यापुढे गाड्या थोरलीच बघेल. पलीकडे शांत. मला वाटलं, त्याचं बोलणं मलाच ऐकू येत नाहीये. फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तो मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत बोलला. “ठाऊक आहे, मिस्त्री. आम्हा सगळ्यांनाच ठाऊक आहे. शनिवारी तुमचं मन मोडवेना, म्हणून नेली गाडी.”