आंबवडे हवाई दर्शन

२ मे
नियुक्ती झाली. यात्रेत तीन दिवस हेलिकॉप्टर आणायचं मानसिंग शेठनी ठरवलं आहे. त्यांचा धान्याचा व्यापार. पुढच्या निवडणुकीत उभं राहायचंय, असं गाव म्हणतं. माझा राजकारणाशी संबंध नाही. मला ग्राउंड इन्चार्ज केलं आहे. विमान देखभालीचा कोर्स केलेली आंबवड्यात मी एकटीच, त्यामुळे निवड पूर्णपणे गुणवत्तेवर. शेठ म्हणाले, "न्हाईतरी पोरगी घरी रिकामीच हाय." त्यांची कौतुकाची पद्धत तशी आहे.

रिकामी नाही. लायसन्सचे दोन पेपर बाकी आहेत. गेली दोन वर्षं बाकी आहेत, कारण मी घाईत पेपर देत नाही.

संकल्प: या कामातून हेलिकॉप्टर कंपनीत नोकरी. कमी बोलायचं, अचूक बोलायचं. कोणाच्या आग्रहाला बळी पडायचं नाही.

३ मे
आत्याला सांगितलं. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं, त्यामुळे आधी तिला कळवणं योग्य. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वेल्ह्याकडं जातं का गं ते?" म्हटलं, जातं. भाटघर धरणाचं पाणी, राजगड, वेल्हे आणि परत. मार्ग मीच सुचवला आहे.

वेल्ह्याकडच्या एका वाडीत तिचं सासर. मूल होत नाही म्हणून त्यांनी तिला बाहेर काढलं आणि दुसरी आणली. ही गोष्ट माझ्या जन्माआधीची. ती परत कधी त्या रस्त्याला गेली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने परसात फणस लावला होता. तो आहे का, एवढंच तिला बघायचंय. म्हणाली, "खालनं गेले तर दारात कोण हुबं करील? वरनं बघायला कोण अडवतंय?"

तर्कात चूक सापडली नाही. शब्द दिला: पहिल्याच दिवशी बसवीन. भाकरी करपली.

५ मे
बंटी फ्लेक्सचं डिझाईन घेऊन आला. हा बंटी मंडप आणि साउंडवाला. पॉलिटेक्निकला माझ्या वर्गात होता, मधेच सोडलं. शिस्त नाही. मला अजून 'इंजिनियर म्याडम' म्हणतो, आदराने.

फ्लेक्सवर वर शेठ हात जोडून. खाली हेलिकॉप्टर, त्याखाली निळा समुद्र, नारळाची झाडं, बेटावरचं कुठलंसं परदेशी शहर, काचेच्या इमारती. बंटी म्हणाला, नेटवर 'हेलिकॉप्टर टूर' टाकल्यावर हेच आलं. मी चित्राचं रिझोल्यूशन तपासलं. उत्तम होतं. मंजूर केलं.

६ मे
प्रवाशांचं वजन घेणं अनिवार्य. कोणाला कुठे बसवायचं ते त्यावर ठरतं. शेठच्या गोडाऊनमधला इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. शेठच्याच दुकानातली वजनं एकेक करून काट्यावर ठेवली. सगळी तंतोतंत.

आत्या बघत होती. म्हणाली, "त्यो काटा? त्यो तर पोत्यामागं खातो." तिला समजावलं की हा डिजिटल आहे, खात नाही. ती म्हणाली, "बरं बाई." पटलं असावं.

तिचं वजन घेतलं. माझ्याहूनही हलकी. नवीन लुगडं काढून ठेवलं आहे तिने. विमानतळावर लोक बऱ्या कपड्यात असतात, असं कुठेतरी ऐकलंय म्हणे.

८ मे
पहिला दिवस. यशस्वी.

कॅप्टन इंद्रजित पुण्याहून मशीन घेऊन आले. शांत माणूस. मी लोड, वारा आणि तापमान सांगितलं. ते म्हणाले, "चहा मिळेल का?" कामाच्या माणसाचं कामाच्या माणसाशी असंच बोलणं असतं.

वजनाला विरोध होईल, विशेषतः बायकांचा, असा अंदाज होता. उलट झालं. बायका रांग मोडून काट्यावर चढत होत्या. बंटी माईकवरून आकडा पुकारायचा, लोक शिट्ट्या मारायचे. शेठची सून गायत्री दोनदा चढली. बंटी ओरडला, "गायत्री वहिनी, एकसष्ट!" ती खूश. म्हणाली, "गेल्या आठवड्यात दवाखान्यात अडुसष्ट भरले व्हते. उपास लागू पडला." नियमित उपवासाचा परिणाम, मी पाहिलेला.

भोंगवलीचा एक म्हातारा चढला आणि म्हणाला, "या काट्यावर आमचा गहू रोडावतो, आता आमी पन रोडावलो." सगळे हसले. गावाकडचा विनोद मला रुचत नाही.

आत्याला बसवता आलं नाही. शेठचं कुटुंब, मग शेठचे व्याही, मग व्याह्यांचे मित्र. आत्याला तांत्रिक कारण सांगितलं: तू इतकी हलकी आहेस की बॅलन्स बिघडतो. ती म्हणाली, "मग शेजारी जाड मानूस बसीव की." सूचना नोंदवली. दिवसभर ती मंडपात पहिल्या खुर्चीवर बसून होती. सावली होती.

९ मे
तक्रारी. शिवऱ्याचे एक गृहस्थ उतरल्या उतरल्या माझ्यावर आले. म्हणाले, समुद्र कुठाय? मी भाटघरचं पाणी दाखवलं. ते म्हणाले, "ह्ये तर आमी एसटीतनं रोज बघतो. नारळ कुठायत? बिल्डिंगी कुठायत?" मी सांगितलं की फ्लेक्स प्रातिनिधिक असतो. त्यांच्या बायकोने 'प्रातिनिधिक' म्हणजे काय ते विचारलं. बंटीने माईकवरून जाहीर माफी मागितली आणि त्यांना लिंबूसरबत दिलं. असल्या सवयींनीच लोक शेफारतात.

दुसरी तक्रार कॅप्टनची. मशीन उचलायला जड जातंय. म्हणाले, "आकडे नक्की बरोबर आहेत ना?" मी त्यांना उन्हाळ्यातली विरळ हवा आणि तिचा इंजिनावरचा परिणाम समजावला. ते ऐकत राहिले, मग डोळे मिटले. माझ्या मते प्रभावित झाले. रात्री कंपनीला मेल: सोबत बायोडाटा, शिवाय इंजिनाच्या ट्यूनिंगबद्दल तीन निरीक्षणं. माझा संशय इंजिनावर आहे. पायलटच्या हातावरही, पण ते लिहिलं नाही.

आत्या आजही राहिली. तहसीलमधले साहेब आले. त्यांना नाही म्हणणं माझ्या नोकरीच्या दृष्टीने अव्यवहार्य होतं. आत्याला म्हटलं, उद्या नक्की. ती म्हणाली, "तू म्हनतीस तर नक्कीच." लुगडं घडी करून परत ठेवलं.

मला भावना नाहीत असं नाही. कामाच्या वेळेत मी त्या आणत नाही.

१० मे, संध्याकाळ
शेवटचा दिवस. दुपारी दोन फेऱ्या बाकी होत्या. सलग लिहिते, डोकं दुखतंय.

कॅप्टननी सांगितलं की आता जपून. पुढची सीट कोणातरी हलक्याला द्या. वर म्हणाले, "त्या आजी तीन दिवस बसून आहेत, त्यांनाच आणा ना." ही भावनिक शिफारस होती. मी थंडपणे विचार केला. कंपनीत निवड व्हायची तर मला उड्डाणाचा अनुभव हवा. तो तोपर्यंत नव्हता. म्हणजे मी कधी विमानात बसले नव्हते. आत्याला त्यानंतरच्या, अगदी शेवटच्या फेरीतही बसवता येणार होतं. माझं वजन बावन्न, मीही हलकीच.

पुढच्या सीटवर मी बसले. आत्या दोरीजवळ उभी होती. लुगडं वाऱ्याने फडफडत होतं, तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं. ओरडून म्हणाली, "परसात बघ गं! उजव्या अंगाला!"

१० मे, रात्री
उड्डाणाचा अनुभव: भाटघरपर्यंत समाधानकारक. नंतर मळमळ. राजगडाच्या पुढे मी डोळे मिटून घेतले. पिशवी कॅप्टननी दिली. ते मला एकच वाक्य बोलले, "आजींना का नाही आणलं?" हेडफोन नीट बसला नसल्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

उतरले. आत्या समोर. म्हणाली, "दिसला का?" 'माहीत नाही' हे उत्तर मी कधीच देत नाही. ते अर्धवट असतं. म्हटलं, नाही. फणस नाही तिथे. तोडलाय.

ती परत पहिल्या खुर्चीवर जाऊन बसली. शेवटची फेरी तिचीच होती, त्यामुळे माझ्या मते नुकसान भरून निघण्यासारखं होतं.

तेवढ्यात कॅप्टन काट्यापाशी आले. म्हणाले, तुम्ही बावन्न नाही आहात. मी म्हटलं, काटा तपासलेला आहे. ते म्हणाले, पिण्याच्या पाण्याचा जार आणा. बंटीने वीस लिटरचा भरलेला जार उचलून काट्यावर ठेवला. आकडा अठरा. त्यात जारचं वजनही आलं.

लोक काट्याभोवती जमले. मग भोंगवलीचाच तो म्हातारा म्हणाला, "पोरी, शेटचा काटा खातो हे शाळेतलं पोरगं पन सांगंल. आमाला वाटलं तुला ठावं हाय, म्हनून तर तू बायांना त्यावर चढीवतीस." गायत्री रडायला लागली. तिचे अडुसष्ट परत आले होते.

मी म्हटलं, मी शेठच्या वजनांनी काटा तपासला होता. यावर लोक इतके हसले की बंटीने माईक बंद केला. शेठ संतापले. माझ्यावर. म्हणाले, "काटा धान्याचा हाय. मानसं मोज म्हनून मी सांगितलं व्हतं?"

कॅप्टननी शेवटची फेरी रद्द केली. तीन दिवस आपण जास्त वजन घेऊन उडत होतो, म्हणाले, आता एकही माणूस बसणार नाही. ते आत्याच्या खुर्चीपाशी गेले, वाकून काहीतरी बोलले. तिने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग मशीन रिकामंच गेलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बंटीचा नंबर मात्र घेतला. साउंडसाठी असावा.

११ मे
आत्या सकाळच्या एसटीने वेल्ह्याला गेली. मी सांगितलं की तिथे काही नाही, मी स्वतः वरून पाहिलंय, हा खर्च अनावश्यक आहे. म्हणाली, "झाड नसंल तर बुंधा आसंल. बुंध्यावर बसून येते."

लुगडं तेच नवीन.

१२ मे
कंपनीचं उत्तर नाही. बंटीला मात्र फोन आला. ग्राउंड स्टाफला जागा आहे, गर्दी सांभाळणारा माणूस पाहिजे. तो पेढे घेऊन आला. "इंजिनियर म्याडम, तुमच्यामुळं." हे खरं आहे, पण कोणत्या अर्थाने ते त्याने स्पष्ट केलं नाही.

आत्या काल दिवे लागताना परत आली होती. माझ्याशी बोलली नाही. आज ओसरीवर बायांना सांगत होती, ते मी आतून ऐकलं. सासरची जुनी माणसं सगळी गेली. घरात एक तरणी सून होती. तिने विचारलं, "तुमी कोन, आजी?" आत्या म्हणाली, "ह्यो फणस म्या लावलाय." सुनेने तिला बसवलं, चहा दिला. मग दोघींनी मिळून एक उतरवला. झाड घराच्या छपरापेक्षा उंच गेलंय म्हणे. पुण्याकडून येणाऱ्यालाही लांबून दिसेल.

फणस पिकलेला आहे. दुपारी आत्याने तेल लावून विळीवर फोडला. गरे बंटीच्या घरी, गायत्रीकडे, भोंगवलीच्या म्हाताऱ्याला धाडले. मी ताटली घेऊन गेले. तिने विळी पुसली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कशाला? तुझ्या हिशेबानं तर झाडच न्हाई."

फणस मला तसाही बाधतो. उद्यापासून दोन पेपरचा अभ्यास.

१२ मे, रात्री
सगळ्या घरात वास भरलाय. खिडकी उघडली. जात नाही.