अंगी लागणं

नायफ,

समोरासमोर राहणाऱ्या भावाला पत्र कोण पाठवतं? हेही मी पाठवणार नाही.

काल माझ्या गच्चीवरून पाहिलं, तुझ्या अंगणात मत्तेह चहाचा भोपळ्याचा तुंबा फिरत होता, सगळ्यांना ओढायला एकच नळी. माझ्या जागेवर शेजारचा फवाज बसला होता. नळी साफ करायला तिच्यावर लिंबू न फिरवताच ती पुढे देत होता. आधी लिंबू, मग नळी; एवढंही तू त्याला शिकवलं नाहीस.

तुझी बायको म्हणाली, "कोरोनाची लस घ्या एकदाची, म्हणजे भाऊजी पुन्हा येऊन बसतील." तू हसलास. "मला काय धाड भरलीय? बैल आहे मी."

आहेसच. आईच्या हातचं दोघांनी सारखंच खाल्लं, पण अंगी लागलं तुझ्या. आता लसीचंही तेच. मी दोनदा टोचून घेतली, पण कॅन्सरच्या औषधांपुढे ती माझ्या अंगी लागली नाही, असं बैरूतच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी स्वतः वाचून पडताळलं, खरं आहे. आणि तुझा तो धडधाकट दंड नुसता तुंबा उचलतो.

फवाजनं लस घेतली आहे. उद्या त्याला माझ्या गच्चीवर बोलावतो. दोन तुंबे, दोन नळ्या, मध्ये अख्खी गच्ची. तू समोरून बघशीलच. निदान हेवा तरी तुझ्या अंगी लागू दे.

तुझा थोरला,
शकीब