हॉर्नची दीड ओळ

३ नोव्हेंबर

शी! तीनदा हात धुतले तरी वास जात नाही. बँडच्या मास्तरांनी आज हॉर्नच्या, त्या वेटोळ्या पितळी वाद्याच्या, सुरांच्या पानांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून आपटला. एकेचाळीस पानं. चहाचे डाग, पितळेचा हिरवा मळ, आणि कोपरे थुंकी लावून लावून मऊ झालेले. बँडची सगळी पानं मीच हातानं उतरवते; अक्षर माझं, घाण वाजवणाऱ्याची.

मास्तर म्हणाले, "बाई, हॉर्नवाला काही मिळत नाही आता. ट्रम्पेटवाले ढिगानं आहेत. एवढं सगळं ट्रम्पेटवर उतरवून द्या." जसं काही जुन्या सदऱ्याची पिशवी शिवायची आहे!

हॉर्नवाला मिळत नाही म्हणे. होता तो माझ्या घरात खुर्चीत बसलाय. एकोणीस वर्षं याच बँडमध्ये वाजवलं यांनी. मार्चमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली, ओठ वाकडा झाला. वाकड्या ओठानं हॉर्न कसा फुंकणार? तेव्हा आता यांचं वाजवणं दुसऱ्यांना वाटून द्यायचं. आणि वाटणार कोण, तर मी!

यांना सांगितलेलं नाही.

४ नोव्हेंबर

"सोपं तर आहे" म्हणतात सगळे. करून बघा म्हणावं! हॉर्नच्या पानावर सा असेल तर ट्रम्पेटच्या पानावर खालचा प लिहायचा. आल्टो सॅक्सोफोनच्या पानावर तोच रे होतो. ट्रॉम्बोनला खालचा म. कानाला सूर एकच, पण प्रत्येक वाद्य त्याला वेगळ्या नावानं हाक मारतं, आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच खरं. आमच्या सासरसारखं.

मास्तरांनी चार पानं आधी संगणकावर काढून पाहिली होती. मोठ्या कौतुकानं दाखवली. त्यात ट्रम्पेटच्या नळीत जन्मात न उमटणारे सूर! म्हटलं, "हे कोण वाजवणार?" तर म्हणे, "संगणकानं दिलंय." यंत्राला लाज नसते हे समजू शकते. माणसांनी तरी ठेवावी.

७ नोव्हेंबर

नवरदेव येऊन गेला. अंगावर अत्तराची बाटली पालथी घालून. डोकं उठलं.

८ नोव्हेंबर

काल चिडून एकच ओळ खरडली. नवरदेव म्हणजे आमचा पहिला ट्रम्पेटवाला. तालमीलासुद्धा बोहल्यावर चढायच्या थाटात येतो म्हणून सगळे नवरदेव म्हणतात. त्याला घाई झालीय. "काकू, 'नदी'चं पान आधी द्या ना. त्यातलं एकट्याचं मला वाजवायचंय." वाजवणं येतं त्याला, नाही असं नाही. पण वाजवून झाल्यावर नळीत साठलेलं थुंकीचं पाणी तिथंच जमिनीवर सोडतो आणि बुटानं पसरवतो. माझ्या टेबलापासून दोन हातांवर! सगळं संपल्यावर फडकं घेऊन मीच बसले पुसत.

१० नोव्हेंबर

आज लिहायचंच आहे. नाहीतर पोटात सडेल.

यांना सकाळी खिमट भरवताना उजव्या कोपऱ्यातून सगळं बाहेर ओघळलं, माझ्या हातावर. आणि मला किळस आली. ज्या माणसाशी तीस वर्षं संसार केला त्याची किळस! यांनी ती माझ्या चेहऱ्यावर पाहिली. लगेच मान वळवली, म्हणाले, "बास... झालं." अर्धंसुद्धा खाल्लं नव्हतं.

न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. किळस ओघळाची नव्हती, माझीच होती असं लिहायला छान वाटतं. पण खोटं आहे. आधी ओघळाचीच आली. मग माझी.

१३ नोव्हेंबर

'नदी'चं पान काढलं.

'नदी' म्हणजे आमच्या बँडचा शेवटचा तुकडा. पहिल्या, जुन्या मास्तरांनी स्वतः रचलेला. प्रत्येक कार्यक्रम त्यावरच संपतो. मधे सगळी वाद्यं थांबतात आणि हॉर्न एकटा वाजतो. दीड ओळ. तीच दीड ओळ यांना नडली. सूर इतके खालचे की फुंकर पुरायची नाही, आवाज थरथरायचा, गुरगुरायचा. कुणीतरी "रेडा" म्हणालं आणि ते नाव कायमचं चिकटलं. हे म्हणायचे, "जे लिहिलंय तेच वाजवतोय." त्यावर सगळे हसायचे. नाचता येईना अंगण वाकडं! पुढं यांची खुर्ची मागं गेली, मोठ्या ढोलाच्या आड. बाहेरगावच्या कार्यक्रमांना यांना वगळायला लागले.

एकोणीस वर्षं हे रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून ते खालचे सूर घोटायचे. आणि मी बाहेरून ओरडायचे, "बंद करा तो रेडा!" हो, मीसुद्धा.

आज ती दीड ओळ ट्रम्पेटसाठी उतरवायला घेतली तर पहिलाच सूर ट्रम्पेटच्या आवाक्याबाहेर. दुसरा बाहेर. सगळेच बाहेर! दोनदा मोजलं. माझं मोजणं बरोबर आहे. उद्या मूळ वही काढते.

१४ नोव्हेंबर

मूळ वही कपाटात असते. जुने मास्तर गेल्यापासून, एकोणीस वर्षं, किल्ली माझ्याच कमरेला. मास्तरांसमोर असतो तो नुसता सारांश. त्यात या जागी "हॉर्न एकटा" एवढंच.

जुन्या काळी हॉर्नचे खालचे सूर मुद्दाम एक सप्तक खाली लिहीत. वाजवणाऱ्यानं ते आपसूक वर घ्यायचे अशी रीत. आता ती रीत गेली. आता लिहिलं तिथंच वाजवायचं. म्हणून जुन्या वहीतून नवं पान करताना असे सूर मी सप्तकभर वर उचलून लिहायचे असतात. एकेचाळीस पानांपैकी चाळिसांत उचललेत. तपासलं.

'नदी'च्या पानात उचललेले नाहीत. जसेच्या तसे उतरवलेत. माझ्या अक्षरात, वळणदार.

वहीची शिवण सैल करून समास उघडला. आत जुन्या मास्तरांच्या हातचं, तांबड्या शाईत: "वाजवताना वरच्या सप्तकात घ्यावे."

या माणसानं रेडा म्हणवून घेतलं ते माझ्या हातच्या चुकीपायी.

१५ नोव्हेंबर

काही नाही. लेखणीला हात लावला नाही.

१६ नोव्हेंबर

ट्रम्पेटचं पान बरोबर लिहून दिलं. सप्तक वर. दीड ओळ सुरेख बसली. कुणाला काही बोलले नाही.

बोलायची गरज काय, असं मनात आलं. पान दुरुस्त झालं, विषय संपला. जुनं पान फाडलं की पुरावा संपला. गठ्ठ्यातून ते बाजूलाही काढून ठेवलं होतं फाडायला! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या थुंकीला नाकं मुरडत बसले, आणि स्वतःचं हे असं. फाडलं नाही. हिंमत झाली नाही म्हणून, प्रामाणिकपणा म्हणून नव्हे.

१७ नोव्हेंबर

तालीम. नवरदेवानं ती दीड ओळ वाजवली. स्वच्छ, भरलेली, कुठं थरथर नाही. मग मास्तर टेबलावर थाप मारून म्हणाले, "अस्सं वाजायला हवं होतं हे! इतकी वर्षं रेड्यानं वाट लावली." हशा पिकला. नवरदेव माझ्याकडं बघून ओशाळला, म्हणाला, "मास्तर, काकू बसल्यात." मास्तरांनी जीभ चावली. "बाई, राग मानू नका. गमतीनं म्हटलं. तीस तारखेच्या कार्यक्रमाला त्यांना घेऊन या, पहिल्या रांगेत बसवू."

मी काय केलं? हसले. हसले मी! "राग कसला त्यात" म्हणाले.

घरी आल्यावर आधी हात धुतले. तीनदा.

१८ नोव्हेंबर

यांना आमंत्रणाचं सांगितलं. आणि ट्रम्पेटचंही. हॉर्नची सगळी पानं मीच उतरवतेय, तेही. वाटलं होतं मनाला लावून घेतील. यांनी एवढंच विचारलं, "नदी... कोण?" म्हटलं, नवरदेव. म्हणाले, "चांगला आहे. त्याला... जमेल. माझा ओठ... कच्चाच होता."

ओठ कच्चा होता! झटक्यानं नव्हे. आधीपासूनच, म्हणे. या माणसानं स्वतःबद्दल हे ठरवून टाकलंय. आणि तीस तारखेला पहिल्या रांगेत बसून ऐकणार, की दुसऱ्याला पहिल्या दमात जमलं. त्याआधी सांगायलाच हवं. जमलं नाही आज. तोंडापर्यंत आलं आणि मी दूध उतू जातंय म्हणून उठले. दूध ठेवलेलंच नव्हतं.

२० नोव्हेंबर

आधी बँडला सांगितलं. घरी सांगण्यापेक्षा ते सोपं, म्हणून आधी.

तालीम सुरू व्हायच्या आत पुढं जाऊन उभी राहिले. जुनं पान एका हातात, वही दुसऱ्या हातात. म्हटलं, "'नदी'त चूक माझी होती. त्यांनी लिहिलं होतं तेच वाजवलं. लिहिलं मी होतं, सप्तकभर खाली. तुम्ही ज्याला रेडा म्हणता ना, तो मी लिहिलेला आहे."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी वही घेतली, तांबडी शाई वाचली, चष्मा काढून पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच होते. "एवढं खालचं हॉर्नवर टिकवून धरायचं म्हणजे..." एवढंच बोलले. ढोलवाला म्हणाला, "आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो, बाई." जणू मला माहीत नव्हतं!

मग नवरदेव उठला. त्याचं सूर लावणं झालं होतं, पण आज पहिल्यांदा खाली थुंकीचं पाणी सोडलं नव्हतं. म्हणाला, "काकू, ते खालचं मला दाखवा. मला हॉर्नवर बघायचंय येतं का." कपाटातला बँडचा हॉर्न काढून दिला. पाचच सूर फुंकले, सहाव्याला फसफस. लाल झाला. "हे ते दर कार्यक्रमाला वाजवायचे?"

दर कार्यक्रमाला. एकोणीस वर्षं.

वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. कसलं हलकं! परक्यांची माफी मागून मोकळी झाले आणि ज्याची मागायची तो घरी खिडकीशी. माझा मलाच वीट आलाय.

२१ नोव्हेंबर

सांगितलं. सकाळी, चहा झाल्यावर. पान आणि वही दोन्ही यांच्या मांडीवर ठेवली आणि सरळ बोलून टाकलं. यांनी डाव्या हाताचं बोट त्या दीड ओळीवरून फिरवलं, सावकाश. रागावले नाहीत. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तुझ्या या पानाच्या... पहिल्या तालमीला... मी वरच... वाजवलं होतं. तू मागून उठलीस. सगळ्यांसमोर... म्हणालीस... लिहिलंय तेच वाजवा."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही.

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं... तुला... माझ्यापेक्षा जास्त कळतं."