सरांचा प्रोसेसर, माझ्या दोन तारा

३ जून
वीस वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी, सकाळी कसबा पेठेतल्या देवळात नारळ मीच फोडला. संशोधन संस्थेत माझे प्रमुख असलेल्या सरांच्या प्रोसेसरचा आराखडा चिप बनवायला परदेशी जायचा होता. आदल्या दिवशी मी त्यात किरकोळ बदल केलेला. एवढासा बदल झाला तरी सगळा आराखडा पुन्हा तपासायचा, हा सरांचा नियम. तीन दिवस लागले असते. मी बदलला तेवढाच भाग तपासला. बाकी देवावर सोडलं.

५ जून
संस्थेतून फोन. सरांच्या पंच्याहत्तरीचा गौरवग्रंथ निघतोय. त्यांच्या कारकिर्दीवर मी लिहायचं. ‘तुमच्याइतकं जवळचं कोण आहे?’
काय लिहू? चिप आली ती मेलेलीच. एका वेळी चार कामं करणारा प्रोसेसर, देशात तेव्हा कुणी मनातही आणला नव्हता. चौकशी समितीपुढे सर म्हणाले, ‘माझी कल्पनाच चुकली.’ प्रकल्प बंद. पुढच्या आठवड्यात मला सापडलं : माझ्या बदलात दोन तारांची अदलाबदल. नवीन लग्न, गावी वडील माझ्या नोकरीचे पेढे माझ्या शाळेत वाटून आलेले... गप्प राहिलो. सरांनी पुन्हा प्रोसेसर केला नाही.

११ जून
लेखाच्या निमित्ताने कोथरूडला, सरांकडे. दार काकूंनी उघडलं. ‘या. तुमचे सर चूक शोधतायत.’ जेवणाच्या टेबलावर त्याच प्रोसेसरच्या आराखड्याचे आलेख-कागद, रंगीत पेन्सिली. निवृत्तीपासून रोज हेच.
‘संसारातली एक चूक कधी शोधली नाही यांनी.’
सर हसले. मला म्हणाले, ‘कुठेतरी आहे रे. जायच्या आधी सापडायला हवी.’
आता सांगू, म्हणून तोंड उघडलं. काकूंनी पोहे पुढे केले. खाल्ले. आलो.

१२ जून
जपाला बसलो. माळ हातातच राहिली.

१५ जून
लेख झाला. दोन तारा पहिल्याच परिच्छेदात. हिला वाचून दाखवला. तिने कागद माझ्या हातातून घेतला. मग, ‘आधी त्यांना सांगा. छापायचं नंतर.’

१६ जून
सांगितलं. उभ्याउभ्याच, सगळं.
सरांनी चष्मा काढला. ‘म्हणजे आराखडा बरोबर होता.’
‘हो, सर.’
चेहरा उजळला. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी... मग तो हळूहळू उतरला.
‘कधी कळलं तुला?’
‘समितीनंतरच्या आठवड्यात.’
‘मग मी इतकी वर्षं काय तपासत होतो रे?’
काकू आतून आल्या. टेबलावरचे कागद गोळा करू लागल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘निघा आता.’
घरी येऊन लेख पाठवून दिला. एक शब्दही बदलला नाही.