अल्फोन्सच्या कॉम्प्युटरचा आत्मा बदलावा की नाही

मंगळूर
नाताळाआधीच्या आगमनकाळातला दुसरा रविवार

प्रिय गर्टीबाय,

साष्टांग नमस्कार घालायला गुडघे तयार नाहीत, म्हणून मनाने वाकते आणि तुझे दोन्ही हात डोळ्यांना लावते. तुझी साखर कशी आहे? डॉक्टरांना घाबरून खाली ठेवलीस की नुसतीच त्यांच्यापासून लपवलीस? इथे सगळं ठीक. घरात नाताळच्या फराळाचं, कुस्वाराचं पीठ मळून ठेवलंय, नेवऱ्या तळायच्या आहेत आणि माझं मन मात्र तळणीत नाही. रात्री झोप लागत नाही, आणि गंमत म्हणजे त्याचा त्रासही होत नाही, इतकं काहीतरी घडतंय. (फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि तुझ्या इमारतीतली वॉचमनची बायकोसुद्धा मला परत उत्तर देते. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिलेल्या बाईला हे सोसत नाही.)

तर ऐक. गेला महिनाभर अल्फोन्सचा कॉम्प्युटर सुरू केला की आधी एक निळी पाटी यायची. तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमची मुदत संपली, यापुढे तिला संरक्षण नाही, नवी घ्या. बरं, घेते म्हणून कळ दाबली की दुसरी पाटी: तुमचा कॉम्प्युटर नव्या सिस्टीमला पात्र नाही. पात्र नाही, गर्टीबाय! या शहरात कोण कोणाला पात्र आहे हे निवृत्त झाल्यापासून लग्नं जुळवत मी ठरवतेय, आणि माझ्याच टेबलावर बसून हे डबडं मला पात्रता शिकवणार? मी सिस्टर इमॅक्युलाटाच्या हाताखाली शिकले. मुलाकडच्यांना नकार कळवतानासुद्धा असं तोंडावर कधी लिहिलं नाही. 'मुलगी अजून पुढे शिकणार आहे' असं लिहायची रीत असते, मग ती मुलगी छत्तीस वर्षांची का असेना.

आता तू म्हणशील, फेकून दे आणि नवा घे. तुझ्या बंगळुरात चपलासुद्धा शिवून घेत नाहीत, तिथे हे शोभतं. पण या कॉम्प्युटरात अल्फोन्सचा 'नातं' आहे. (बाहेरच्यांना मी प्रोग्राम म्हणते, तुला काय सांगायचं.) देवाघरी जाण्याआधीची सहा वर्षं माझ्या नवऱ्याने दुसरं काही केलं नाही. गावोगावच्या म्हाताऱ्यांना भेटून कोण कोणाची मुलगी, बाप्तिस्म्याआधी कोण मूळचे प्रभू आणि कोण मूळचे शेट, कोणत्या पिंटोंचा कोणत्या पिंटोंशी संबंध नाही, हे सगळं विचारून आत भरलं. दोन नावं टाकायची, कळ दाबायची. 'नातं आहे' किंवा 'नातं नाही'. आपल्या लोकांत हे उत्तर केवढ्या मोलाचं आहे ते तुला वेगळं सांगायला नको. आडनावं मोजकी, गावं मोजकी, आणि आज्यांना तर बारा-बारा मुलं. मी सुचवलेल्या एकाही स्थळात आजवर खोट निघाली नाही ती त्या कळीमुळे. ती गेली तर माझी सेलीन क्रास्टा होईल.

सेलीनचं तुला कळलंच नसेल. बाईसाहेबांनी नवा लॅपटॉप घेतला, फोनवर दोनशे जणांचा ग्रुप काढला आणि माझ्या देखत म्हणाली, 'हिल्डाबाय, आता जुन्या पद्धती पुरे झाल्या, आराम करा.' मी आराम केला. तिने ऑक्टोबरात एक लग्न जमवलं. आदल्या दिवशी मुलीकडे रोस, मुलाकडे रोस. मुलीकडे नवरीच्या डोक्यावर नारळाचं दूध घालायला पहिला मान पणजीच्या धाकट्या बहिणीचा, ती घालून रिक्षात बसली. तासाभराने मुलाकडे मान कोणाचा? तर पणजीच्या धाकट्या बहिणीचा. तीच म्हातारी, तीच साडी, पदराला नारळाचं दूधही तेच. 'मला वाटलं एकाच घरचं दोनदा बोलावणं आहे,' म्हणाली बिचारी. चर्चचा नियम तसा फार दूरच्या नात्याला आडवा येत नाही, लग्न लागलं, पण वऱ्हाड जेवताना फक्त हेच चघळत होतं. डुकराच्या मटणाकडे कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

तेव्हा पेच असा. जुनी सिस्टीम ठेवावी तर कोणीही चोर आत शिरून अर्ध्या मंगळूरच्या आज्या पळवेल. नवी घालावी तर 'नातं' चालेल की नाही कोणी सांगेना. मी शेजारच्या लव्हीना रेगोला बोलावलं. (गेल्या वर्षी अल्फोन्सला जाऊन वर्ष झालं त्या मिसेला, चर्चमध्ये, तुझा रोशन आला होता, तेव्हा माझ्या प्रिंटरवरून त्याच्याशी भांडली होती ती हीच. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. जिभेला हाड नाही.) तिने पडदा पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाली, 'आंटी, तुमचं यंत्र धडधाकट आहे, फक्त कंपनीच्या नजरेत म्हातारं झालंय. तुमच्यासारखंच.' मी तिला कान धरून बाहेर काढणार होते, पण पुढचं ऐकायचं होतं. तिचं म्हणणं, एक फुकटातली सिस्टीम मिळते, जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, ती जुन्या यंत्रालाही चालते. शरीर तेच, आत्मा नवा. माझ्या अंगावर काटा आला. मी रात्रभर वाचत बसले. गर्टीबाय, लोक एकमेकांना न बघता मिळून एवढी मोठी गोष्ट बांधतात आणि फुकट वाटतात. आपल्याकडे चर्चच्या दरवाजाचा रंग ठरायला दोन बिशप बदलले.

पण आत्मा बदलायचा आणि शरीर तेच ठेवायचं, हे आपल्या धर्मात बसतं का? विचारलं फादर मॅक्सिमना. ते म्हणाले, 'हिल्डाबाई, आपल्यात आत्मा एक आणि शरीर एक, आणि शेवटच्या दिवशी दोन्ही परत भेटतात.' कुंपणापलीकडून शेणॉयवहिनी कपडे वाळत घालताना म्हणाल्या, 'आमच्यात बसतं हो, खुशाल बदला.' फादर हसले आणि म्हणाले, एवढी काळजी असेल तर यंत्राला आशीर्वाद देऊ. आपल्याकडे नवी रिक्षा, नवी होडी, शाळेची बस, कशालाही आशीर्वाद दिल्याशिवाय चाक हलत नाही, मग यानेच काय पाप केलंय? मला हे फार पटलं.

इथे घात झाला. लव्हीनाने सकाळी येऊन कॉम्प्युटरची बाजू उघडून आतली धूळ काढली होती (पालीची दोन अंडी निघाली, अल्फोन्सला आवडलं असतं) आणि झाकण न लावता कॉलेजला गेली होती. मला वाटलं, फादर येतायत, तर पडद्यावर काहीतरी दिसलेलं बरं, म्हणून मी बटण दाबून ठेवलं. फादर मॅक्सिमचा हात तुला माहीत नाही. त्यांनी आशीर्वाद दिल्यावर रिक्षावाले वायपर लावतात. त्यांनी प्रार्थना म्हटली, शिंपडणी बुडवली, आणि पवित्र पाणी सरळ उघड्या पोटात गेलं. फट्. थोडा धूर. मग काळोख. फादर दोन पावलं मागे सरकून म्हणाले, 'आमेन.'

तेव्हापासून तो गच्चीवर शेणॉयवहिनींच्या सांडग्यांशेजारी उन्हात पडलाय. मी त्याला उकड्या तांदळाच्या पिंपात पुरणार होते, पण लव्हीनाने आरडाओरडा केला. आता ती म्हणते, हे आपल्या हातचं काम राहिलं नाही. मी म्हटलं, माझ्या बहिणीचा रोशन मोठ्या कंपनीत इंजिनीअर आहे. तर तोंड वाकडं करून म्हणाली, 'बंगळुरूचे इंजिनीअर? बंद करा आणि परत चालू करा, यापलीकडे त्यांना काय येतं? प्रिंटरचं काय केलं होतं पाहिलं ना.' मला इतका राग आला की तिला चहासुद्धा अर्धाच दिला. आपल्या घराण्याची अब्रू आता रोशनच्या हातात आहे. त्याला म्हणावं नाताळापर्यंत थांबू नकोस, अल्फोन्सची सहा वर्षं सांडग्यांशेजारी वाळतायत.

देवाची कृपा तुम्हा दोघांवर असो, आणि फादर मॅक्सिमच्या हातून नसो.

तुझी,
हिल्डा

ता.क. गर्टीबाय, वरचं सगळं रोशनला मोठ्याने वाचून दाखव, चहाच्या वेळी, तो मोबाईल खाली ठेवेल तेव्हा. इथून खाली फक्त तुझ्यासाठी. कॉम्प्युटर मंगळवारपासून ठणठणीत आहे. फट् म्हणून उडाला तो वीज पुरवणारा डबा होता. लव्हीनाने दुसरा बसवला, नवी सिस्टीम घातली. 'नातं' तिने आधीच काढून ठेवलं होतं, ते या नव्या आत्म्यात पहिल्यापेक्षा जलद चालतं. मी आनंदाने ओरडले तर शेणॉयवहिनी कुंपणाशी धावत आल्या. पहिली दोन नावं मी टाकली ती तुझ्या मुलाचं आणि लव्हीनाचं. 'नातं नाही.' सात पिढ्या मागे जाऊनसुद्धा. तेव्हा त्याला पाठव, बाकीचं मी बघते.

ता.क. दुसरा. बंगळुरूच्या इंजिनीअरांबद्दल ती काही बोललेली नाही. ते वाक्य माझं. रोशन कौतुकाने हलत नाही, पण कोणी डिवचलं तर मध्यरात्रीची बस पकडतो, अगदी आपल्या बाबांसारखा.

ता.क. तिसरा. रोशन, बाळा. आईची पत्रं आधी तू उघडतोस, आणि 'फक्त तुझ्यासाठी' असं असेल तर दोनदा वाचतोस, हे तिनेच मला सांगितलंय. म्हणून हे तुलाच सांगते, तिला तू सवडीने सांग. ती दोन नावं मी टाकली असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. कप घेऊन आले तर पडद्यावर तिचं नाव होतं, तुझं नाव होतं, आणि खाली उत्तर आलेलं होतं. मला पाहून ती ते घाईघाईने घालवायला गेली. ती सिस्टीम तिने स्वतः, माझ्या डोळ्यांदेखत बसवलेली होती, आणि तिला खिडकी बंद करायची कळ सापडेना.