सुकाणूवरचा चेहरा

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो. खोली मिळाली, काम मिळालं, खिडकीतून ऊनही येतं. आणखी काय पाहिजे माणसाला? निघताना ताईने ही वही हातात दिली. म्हणाली, रोज चार ओळी लिही, नाहीतर सातवीपर्यंतचं जे काय डोक्यात आहे तेही गळून जाईल. मी म्हटलं, ज्याने तीन नोकऱ्या सोडल्या तो वही किती दिवस धरणार? तर म्हणाली, ही चौथी सोडलीस तर घरी येऊ नकोस. हसत म्हणाली, पण म्हणाली.

काम मालकांच्या घरातच, वरच्या मजल्यावर. प्लास्टिकची शिडाची जहाजं जोडायची आणि रंगवायची. खोक्यात सगळे सुटे भाग एका चौकटीला चिकटलेले येतात. कटरने सोडवायचे, पॉलिश पेपरने कडा घासायच्या, मग जोडणी, मग रंग. तयार जहाज काचेच्या पेटीत बसून मोठ्या ऑफिसांत जातं. मी आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. तिथे शिडीवर उभा, इथे खुर्चीवर बसून. बढतीच म्हणायची.

४ नोव्हेंबर, मंगळवार

टेबल एकच, मोठं. समोर बसतात ते दोरकाका. हे नाव मी ठेवलं. डोलकाठ्यांना दोरे बांधायचं काम त्यांच्याकडे. दोऱ्याला मेण लावतात, चिमट्याने गाठी मारतात, मान म्हणून वर करत नाहीत. मी नमस्कार काका म्हटलं, तर म्हणाले, नमस्कार राहू दे, तुझी सावली माझ्या गाठीवर पडतेय ती आधी उचल.

मालक कपाळापासून नाकापर्यंत भिंगाचा पट्टा लावून फिरतात. जेवतानाही काढत नाहीत. माझा पहिला हात बघून त्यांनी विचारलं, की हा ब्रश आहे का केरसुणी.

नियम एकच सांगितला. प्रत्येक जहाजावर बारा खलाशी असतात, नखाएवढे. कपडे रंगवायचे, बूट रंगवायचे. तोंडावर नुसता कातडीचा रंग. डोळे, भुवया, ओठ काढायचे नाहीत. का म्हणून विचारलं, तर दोघांनाही एकदम ऐकू येईनासं झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार

जहाजाचं पोट जोडून झालं. इथलं सोल्युशन नुसतं चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवतं. दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. परत सोडवायचं म्हटलं की कापणं आलं. मी एक तोफ वाकडी बसवली, तर दोरकाका म्हणाले, असू दे, तोफ वाकडी बसवणारा सरळ कुठून असणार. पाच दिवसांत ते माझ्याशी सात वाक्यं बोलले. सातही अशीच.

कंटाळा यायला लागलाय. ताईला सांगू नये.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज केलं. अकरा खलाशी कोरे ठेवले आणि बाराव्याला, सुकाणू धरून उभा असतो त्याला, चेहरा दिला. मोठ्या पाट्यांवर मी माणसं काढायचो, हुबेहूब काढायचो. मला केरसुणी म्हणतात म्हणजे काय? एका केसाचा ब्रश केला आणि ताई काढली. तिचं जरा पसरट नाक, जुळलेल्या भुवया, रागावायच्या आधी हसते ते तोंड. घरात सुकाणू तिच्याच हातात असतं, तेव्हा जागाही बरोबर. पायाला सोल्युशन लावलं आणि उभी केली.

मान वर केली तर दोरकाका बघत होते. पहिल्यांदाच टोमणा नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊजींचा फोन. ताई टपाल वाटते, दिवसभर पायी. मंगळवारी दुपारी भर रस्त्यात तिचे पाय जमिनीला चिकटले. थैली खांद्यावर, आणि एक पाऊल उचलेना. लोकांना वाटलं चक्कर आली. चार जणांनी ओढून काढलं, तळव्यांची कातडी रस्त्यावर राहिली. ती सारखी म्हणते की रंगाच्या दुकानासारखा वास येतोय.

मंगळवारी दुपारी. मी किती वाजता चिकटवलं ते आठवतंय मला. पण असं काही असतं का?

१७ नोव्हेंबर, सोमवार

असतं.

भाऊजी म्हणाले, पाय घोट्यापर्यंत काळे पडलेत. कातडी चकचकीत, टोचलं तरी कळत नाही. वरच्या कडेला बारीक तपकिरी रेघ आहे, अगदी सरळ. ती रेघ मी मारली. बुटाची कड.

डॉक्टर म्हणतात हे वर चढतंय. गुरुवारी अकरा वाजता दोन्ही पाय घोट्यातून कापणार.

दोरकाकांना सांगितलं. म्हणाले, नियम सांगितला होता. मी म्हटलं, कारण नव्हतं सांगितलं. ते म्हणाले, कारण सांगितलं असतं तर तू पहिल्याच दिवशी करून बघितलं असतंस.

मालक रागावले नाहीत. हेच वाईट. भिंग जहाजाला टेकवून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, हात आहे तुला. अजून अकरा राहिलेत. घरी कोण कोण असतं?

१८ नोव्हेंबर

ब्लेड सुकाणूवरच्या तिच्या घोट्याला लावलं. नुसतं टेकवलं. लगेच भाऊजींचा फोन वाजला — मागे ताई ओरडत होती.

मग थिनरने चेहरा पुसायला गेलो. डावा डोळा फिसकटला. थांबलो. पुन्हा फोन. तिला डाव्या डोळ्याने दिसत नाही.

दोरकाका म्हणाले, पुसून जात नाही. त्याच्यावर दुसऱ्याचा बसला तर पहिला सुटतो. पण जिवंत माणसाचा पाहिजे आणि हुबेहूब पाहिजे. त्यांना कसं माहीत, ते विचारलं. त्यांनी दोऱ्याला मेण लावलं.

१९ नोव्हेंबर

दुसऱ्या खलाशाच्या तोंडावर हात बसवून बघतोय. मालकांचाच काढायचा होता. ओठ जमले, हनुवटी जमली. डोळे — डोळे मी त्यांचे पाहिलेच कुठे? भिंग काढा म्हटलं तर हसले. असं खूप जण म्हणून गेले, म्हणाले.

आरसा घेतला. माझाच काढू म्हटलं. हात थरथरला. खरं लिहायचं तर थरथरू दिला.

एकच चेहरा पाठ आहे मला इथे. सोळा दिवस समोर बसलाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सव्वानऊ. ताईच्या चेहऱ्यावर कातडीच्या रंगाचा एक हात मारला. फोन वाजला, उचलला नाही. माहीत आहे. तिला आता काहीच दिसत नसणार. थोडा वेळ, ताई. थोडाच.

दहा. दोरकाकांचं नाक झालं. गालाचे खड्डे झाले. उजव्या भुवईतली खाच — ती बरोबर आली. त्यांचं घरी कोणी आहे का, मी कधी विचारलं नाही. आता नाही विचारत.

दहा वीस. भुवया ओल्या आहेत. वाळल्याशिवाय डोळे काढले तर रंग ओघळेल. दहा मिनिटं. तोवर लिहितो, नाहीतर डोकं —

दोरे बांधत नाहीत आज. चिमटा खाली ठेवलाय. हात जहाजाच्या पलीकडे आहे, दिसत नाही. वर बघतात, खाली बघतात. मीही तसाच. मी वर, ते खाली.

आत्ताच बोलले. चांगलं बोलले, पहिल्यांदाच. जरा डावीकडे वळ म्हणाले, कान दिसत नाही.

वळलो. वळल्यावर कळलं.

त्यांच्या हातात ब्रश आणि एक खलाशी. ब्रश त्यांच्याकडे कधी नव्हता.

सोल्युशनची बाटली उघडी आहे. त्यांच्या बाजूला. वास — माझ्या पायांपाशी —

उठायला गेलो. खुर्ची मागे पडली, मी नाही. तळवे धरलेत. फरशी गुळगुळीत आणि मी कुठे संपतो ते —

साडेदहा. हात चालतोय अजून. त्यांचाही. दोघांपैकी कोण आधी. भुवया वाळल्या का बघत नाही आता. डावा डोळा झाला. त्यांनी पापणी मिटली, पुसली, पुन्हा माझ्याकडे बघितलं. लागतंय. बरोबर बसतंय. ताई, एकच राहिला, उज