घरच्यांच्या रांगेत

१२ नोव्हेंबर, पवनी

आज सुधीरचा दहावा. नदीवर घरचे पुरुष मुंडनाला बसले. मी मित्र म्हणून मागे उभा होतो. आमचं प्रेम इतकी वर्षं कोणालाच कळलं नाही, असं मी समजत होतो.

त्याची आई न्हाव्याला म्हणाली, "याचेही केस काढ."

सुधीरचे काका हसले. "वहिनी, दोस्त बसाले लागले तर अर्धी पवनी टकली होईन!"

"दोस्त नोहे. याचं आन् सुधीरचं काय होतं, थे मले ठाऊक हाये. पोरानंच सांगतलं."

सुधीरने सांगितलं? कधी? मला का बोलला नाही? सगळे माझ्याकडे पाहत होते. तरी पुढे होऊन न्हाव्यासमोर बसलो. सुधीरने सांगितलं होतं.

खोलीवर आलो. कानामागे वस्तरा लागलाय. आरशात दिसत नाही. चाचपून हळद लावली.